संपूर्ण जबाबदारी माझी

अमेरिकेतल्या बड्या टेक कंपन्यांच्या प्रमुखांचं आपापसात फारसं पटत नाही. एकाने काही नवीन काढलं की दुसरा त्याची नक्कल करतो आणि तिसरा कोर्टात जातो. झुकेरबर्ग आणि मस्क यांनी तर २०२३ साली एकमेकांना पिंजऱ्यातल्या मारामारीचं जाहीर आव्हान दिलं होतं. (ती झाली नाही. दोघांनाही कामं असावीत.) पण एका बाबतीत या मंडळींचं एकमत इतकं पक्कं आहे की आपल्या सर्वपक्षीय बैठकांनी धडे घ्यावेत. हजारो माणसं एका फटक्यात घरी पाठवायची वेळ आली की सगळे जण तेच वाक्य लिहितात : या निर्णयाची संपूर्ण जबाबदारी माझी.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरची निम्मी माणसं गेली. काढली नवे मालक इलॉन मस्क यांनी आणि जबाबदारी घेतली जॅक डॉर्सी यांनी. डॉर्सी तेव्हा कंपनीत नव्हतेच. आपण कंपनी फार भराभर वाढवली, माफ करा, असं त्यांनी ट्विटरवरच लिहिलं. प्रमुखपद सोडून वर्ष होत आलेल्या माणसालाही ही संधी दवडवत नाही. चारच दिवसांनी मेटाच्या मार्क झुकेरबर्ग यांनी ११,००० लोकांना निरोप दिला आणि जबाबदारी घेतली. २०२३ चा जानेवारी उजाडला तशी जबाबदारी घ्यायला रांगच लागली. ४ तारखेला सेल्सफोर्सच्या मार्क बेनिऑफ यांनी दहा टक्के माणसांची घेतली, २० तारखेला गुगलच्या सुंदर पिचाई यांनी १२,००० माणसांची घेतली, २३ तारखेला स्पॉटिफायच्या डॅनियल एक यांनी सहा टक्क्यांची घेतली. जबाबदारी घेतलेले हे चौघेही पुढच्या आठवड्यात आपापल्या खुर्चीत होते. ज्यांनी कसलीच जबाबदारी घेतली नव्हती, ते घरी होते.

या पत्राचा साचा आता पक्का झाला आहे. आधी, बातमी जड आहे हे सांगायचं. मग जाणारी माणसं किती गुणी, किती कष्टाळू हे सांगायचं. (एवढी गुणी होती तर, हा प्रश्न वाचणाऱ्याने मनातच ठेवायचा.) मग जगाच्या अर्थव्यवस्थेवर दोन ओळी, मग जबाबदारी, मग किती आठवड्यांचा पगार मिळेल त्याचा हिशेब आणि शेवटी भविष्यकाळाबद्दल अतोनात उत्साह. उत्साह फक्त उरलेल्यांसाठी असतो, पण पत्र सगळ्यांना एकच जात असल्यामुळे गेलेल्यांनाही तो वाचावा लागतो.

साच्याची किंमत कळायला साचा तयार होण्यापूर्वीचं पत्र बघावं. नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टने घेतल्यावर, जुलै २०१४ मध्ये, स्टीफन एलोप यांनी आपल्या माणसांना एक लांबलचक पत्र लिहिलं. सुरुवात ‘काय मंडळी, कसं काय’ छापाची. मग धोरण, मग फोनची दिशा, मग कुठल्या फोनचं काय करणार आहोत याचे परिच्छेदच्या परिच्छेद. आणि बरंच खाली, जिथपर्यंत वाचत जायची सवय फक्त वकिलांना असते, तिथे १२,५०० माणसं कमी होणार असल्याचा उल्लेख. जबाबदारीचा मुद्दा तेव्हा अजून फॅशनमध्ये यायचा होता. उलट पेजरड्यूटी नावाच्या कंपनीच्या प्रमुखांनी जानेवारी २०२३ मध्ये सात टक्के कपातीच्या पत्राला मार्टिन ल्यूथर किंग यांचं वचन जोडलं. माणसाची खरी परीक्षा सुखात नव्हे, अडचणीच्या काळात होते, अशा अर्थाचं. अडचण कोणाची आणि परीक्षा कोणाची, याचा खुलासा नव्हता. पुढे त्या पत्राबद्दल माफी मागणारं दुसरं पत्र निघालं.

आता जबाबदारी घ्यायची तर आधी काहीतरी चुकायला हवं. काय चुकलं, तेही पत्रांत प्रांजळपणे लिहिलेलं असतं : माणसं फार भरली. करोनात सगळं जग घरात कोंडलं गेलं आणि पडद्याकडे बघत बसलं. कंपन्यांना वाटलं, आता लोक जन्मभर असेच बसणार. कर्ज जवळपास फुकट मिळत होतं. मेटामध्ये २०१९ अखेर सुमारे ४५,००० माणसं होती, ती २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत ८७,००० झाली. ॲमेझॉनची, गोदामं धरून, आठ लाखांची दोन वर्षांत सोळा लाख झाली. मग लोक घराबाहेर पडले आणि वांगी स्वतःच्या हाताने निवडून घेऊ लागले. मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर चढवायला घेतला, तो शून्याच्या आसपासचा सव्वापाच टक्क्यांवर नेऊन ठेवला. तेव्हा या विद्वानांना शोध लागला की माणसं जास्त झाली आहेत. भरताना एकेकाच्या पाच-पाच, सहा-सहा मुलाखती घेतल्या होत्या. काढताना एकही घ्यावी लागली नाही. मधल्या काळात कंपनीची कार्यक्षमता वाढली, ती ही.

झुकेरबर्ग यांनी २०२३ ला ‘कार्यक्षमतेचं वर्ष’ असं नावच देऊन टाकलं. निकालांबरोबर हे नाव जाहीर झालं आणि दुसऱ्या दिवशी मेटाचा शेअर तेवीस टक्के उडाला. मार्चमध्ये आणखी १०,००० जणांची पाळी आली. या पत्रांचा एक तरी वाचक असा आहे की ज्याला ती मनापासून आवडतात : शेअर बाजार.

पत्र लिहिणं एक वेळ सोपं. ते पोहोचवण्याचे प्रकार मात्र थक्क करणारे आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये बेटर डॉट कॉम या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीच्या विशाल गर्ग यांनी सुमारे ९०० जणांना झूमवर बोलावलं आणि सांगितलं की तुम्ही या कॉलवर असाल तर तुम्ही दुर्दैवी गटात आहात. जेमतेम तीन मिनिटांत कार्यक्रम आटोपला. आपल्याकडे सत्यनारायणाच्या पूजेला कोण कोण आलंय हे बघायलाही याहून जास्त वेळ लागतो. गुगलमध्ये कित्येकांना लॅपटॉप उघडेना तेव्हा कळलं आणि काहींना दारावरच्या यंत्राने कार्ड घेतलं नाही तेव्हा. ट्विटरने तर ईमेल धाडली की ऑफिसला निघाला असाल तर घरी परत जा. नंतर लक्षात आलं की काढलेल्यांतले काही लागणार आहेत. मग त्यांना, झालं गेलं विसरून जा, परत या, असे निरोप गेले.

त्याआधीची गोष्ट तर आणखी बहारीची. मस्क यांनी कंपनी ताब्यात घेतली त्या सुमारास ट्विटरच्या दारासमोर दोन तरुण हातात खोके घेऊन उभे राहिले आणि आम्हाला काढलं म्हणून कॅमेऱ्यांपुढे रडगाणं गाऊ लागले. एकाने आपलं नाव राहुल सांगितलं. बातमी जगभर झाली. दोघेही ट्विटरमध्ये कधी कामाला नव्हतेच. नुसती गंमत करायला आले होते. पण खोका आणि पडलेला चेहरा एवढ्या भांडवलावर कोणालाही शंका आली नाही. पुढे मस्क यांनी या दोघांना बोलावून घेतलं, तुम्हाला काढण्यात चूक झाली म्हणून हसत हसत फोटो काढला. खरोखर काढलेल्यांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला हा मान आला.

मायक्रोसॉफ्टने १०,००० जणांची कपात १८ जानेवारी २०२३ ला जाहीर केली. आदल्या रात्री कंपनीने दावोसला पन्नासेक निमंत्रितांसाठी स्टिंग या गायकाची खासगी मैफल ठेवली होती. कार्यक्रमाचा विषय होता शाश्वतता. आणि ओहायोतल्या एका छोट्या कंपनीच्या प्रमुखाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये दोन माणसं काढली, स्वतःचा रडतानाचा फोटो काढला आणि लिंक्डइनवर टाकला. जगभरच्या लोकांनी त्याची समजूत घातली, काहींनी त्याला शिव्या घातल्या. काढलेल्या दोघांचा फोटो मात्र त्यात नव्हता.

या सगळ्याचा अभ्यास कोथरूडमध्ये ज्या निष्ठेने होतो, तितका कॅलिफोर्नियातही होत नसेल. आमच्या बागेत सकाळी सातला ज्येष्ठांचा कट्टा भरतो. माकडटोप्या इथल्या, बूट मात्र अमेरिकेतले. मुलाने गेल्या खेपेला आणलेले, पांढरे, फेरीनंतर पुसून ठेवले जाणारे. एकांचा मुलगा सनीवेलला, एकांची मुलगी रेडमंडला, एकांचे दोन्ही ऑस्टिनला. पूर्वी इथे विषय असायचे गुडघा, नाटक आणि पाणीकपात. आता कपात हा विषय तेवढा राहिला आहे, पाणी गेलं. ज्यांना स्वतःच्या रेशनकार्डावर किती नावं आहेत ते सांगता येणार नाही, ते ‘आय-वन-फॉर्टी’ आणि ‘प्रायॉरिटी डेट’ यांवर अस्खलित बोलतात. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की नवी कंपनी शोधायला किंवा दुसरी काही सोय लावायला त्याला साठ दिवस मिळतात. नाहीतर बाडबिस्तरा आवरून देश सोडायचा. दहा-दहा वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा राहिलेला असला तरी हाच नियम. हे साठ दिवस कट्ट्यावरच्या लहानथोरांना पाठ आहेत.

मध्यंतरी एक गृहस्थ दोन-तीन दिवस गप्प गप्प होते. शेवटी कोणीतरी विषय काढलाच.

‘‘चिरंजीव काय म्हणतात?’’

‘‘थोडा ब्रेक घेतलाय म्हणाला. कामाचा ताण फार झाला होता.’’

कोणी काही बोललं नाही. एकांनी हलकेच विचारलं, ‘‘कितवा दिवस?’’

‘‘एकोणिसावा.’’

‘‘मग आहेत की अजून एक्केचाळीस!’’

त्यानंतर तासभर जे झालं त्याला इमिग्रेशनच्या वकिलाने तासाचे किती डॉलर लावले असते कोण जाणे. सूनबाईंचा स्वतःचा एच-वन आहे का, हा पहिला प्रश्न. आहे, असं कळताच सगळ्यांचे चेहरे उजळले. म्हणजे तोवर मुलाला सुनेच्या व्हिसावर जाता येईल, तिचा आश्रित म्हणून. पन्नास वर्षांपूर्वी ‘घरजावई’ एवढं ऐकून ज्यांची कानशिलं तापली असती, ते सगळे जण एका सुरात म्हणाले, ‘‘आज रात्रीच फॉर्म भरायला सांगा!’’ स्त्री-पुरुष समानतेसाठी महाराष्ट्रात फुले-आगरकरांपासून पुष्कळांनी हाडाची काडं केली. अमेरिकन इमिग्रेशन खात्याने तेच काम एका सकाळीत उरकलं.

अमेरिकेत निदान पत्र येतं. आपल्याकडे हिंजवडीत कित्येकदा पत्र येत नाही, ते आपणच लिहून द्यायचं असतं. एचआरच्या छोट्या खोलीत बोलावणं येतं. टेबलावर पाण्याचा ग्लास आणि टिश्यूचा डबा आधीच मांडलेला असतो. दोन्ही गोष्टी एकदम समोर आल्या की हुशार माणूस काय ते समजतो. मग समोरची पंचविशीतली मुलगी अत्यंत गोड आवाजात सांगते की राजीनामा दिलात तर अनुभवाचं प्रमाणपत्र स्वच्छ मिळेल. मजकूरही तयार असतो : ‘वैयक्तिक कारणांमुळे’. म्हणजे कंपनीच्या गरजेपोटी आपण जायचं, ते स्वतःच्या इच्छेने जायचं आणि कारणही आपल्याच घरचं द्यायचं. अमेरिकेत जबाबदारी प्रमुख घेतो. इथे तेवढाही त्रास त्याला देत नाहीत, तीही जाणाऱ्याकडूनच लिहून घेतात.

कायद्याकडे जावं, तर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने छाटणीपासून जे काही संरक्षण दिलं होतं, ते कामगाराला. मॅनेजरला नाही. आणि आयटीत पाच-सात वर्षं काढलेला प्रत्येक जण कसला ना कसला मॅनेजर किंवा लीड असतोच. पदोन्नतीचे पेढे वाटताना कायदा कोण वाचतो? पुण्यातली ‘नाइट्स’ ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना कामगार खात्याचे दरवाजे ठोठावत असते. पण मोर्चात जायचं म्हटलं की आपला इंजिनिअर आधी विचारतो, मोर्चा हायब्रिड आहे का?

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने दोन टक्के, म्हणजे १२,००० च्या वर माणसं कमी करणार असल्याचं सांगितलं. मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. कंपनीला भविष्यासाठी सज्ज करायचं होतं. मराठी मध्यमवर्गाला हा धक्का बाकी सगळ्या धक्क्यांहून मोठा. टाटांची नोकरी म्हणजे वातानुकूलित सरकारी नोकरी, या श्रद्धेवर इथे कित्येक लग्नं जमली होती. त्याआधी जूनमध्येच बेंचचा नियम आला होता : प्रोजेक्टविना बसायचं ते वर्षातून जास्तीत जास्त पस्तीस दिवस. कपातीच्या बातमीनंतर थोड्याच दिवसांत कंपनीने ऐंशी टक्के लोकांना पगारवाढ जाहीर केली. त्यामुळे काही घरांत एकाच आठवड्यात पेढेही आले आणि पेढे आणलेल्याला झोपही लागेना.

अलीकडे या नाटकात नवं पात्र आलं आहे : एआय. त्याचा मोठा फायदा असा की त्याच्या नावावर काहीही खपवता येतं आणि ते कधी खुलासा करत नाही. स्वीडनच्या क्लार्ना कंपनीने २०२४ मध्ये अभिमानाने सांगितलं की आमचा एआय मदतनीस ७०० माणसांचं काम करतो. वर्षभराने तीच कंपनी ग्राहकांशी बोलायला पुन्हा माणसं शोधू लागली. ॲमेझॉनने ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑफिसातल्या १४,००० जागा कमी करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, झालं, एआय आला. त्याच आठवड्यात प्रमुख अँडी जॅसी यांनी सांगितलं की हे पैशांसाठी नाही, निदान सध्या तरी एआयमुळेही नाही, हा कंपनीच्या संस्कृतीचा प्रश्न आहे. संस्कृती टिकवायला आजवर पुष्कळांनी पुष्कळ काही केलं, पण एवढे हात एकदम मोकळे कोणी केले नव्हते. मायक्रोसॉफ्टने त्या जुलैत सुमारे ९,००० जणांना निरोप दिला तेव्हा कंपनीच्या गेमिंग विभागातल्या एका अधिकाऱ्याने गेलेल्यांना लिंक्डइनवर सल्ला दिला की मन मोकळं करायला कोपायलटसारख्या एआयशी बोला. ज्याने ताट ओढलं असा संशय, त्याच्याच खांद्यावर मान टाकून रडायचं. तो मजकूर लवकरच काढून टाकण्यात आला. तीही एक कपातच.

जबाबदारी घेतल्यावर घेणाऱ्याचं काहीतरी जातं, अशी एकेकाळी समजूत होती. १९५६ मध्ये तमिळनाडूतल्या अरियलूरला रेल्वेचा भीषण अपघात झाला. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी जबाबदारी घेतली आणि मंत्रिपद सोडलं. रेल्वेतली दहा टक्के माणसं कमी करून आपण उत्साहाने पुढे जाऊ, असं त्यांना सुचलं नाही. जपानच्या निन्टेन्डोचे दिवस फिरले तेव्हा, २०१४ मध्ये, प्रमुख सातोरू इवाता यांनी काही महिन्यांसाठी स्वतःचा पगार निम्मा केला. माणसं काढली तर उरलेल्यांचा धीर खचतो आणि घाबरलेल्या माणसांच्या हातून चांगले खेळ तयार होत नाहीत, असं त्यांचं मत होतं. पिचाई यांनीही वरिष्ठांचे बोनस बरेच कापू असं सांगितलं होतं, हेही नोंदवायला हवं. मात्र २०२२ चं त्यांचं स्वतःचं मानधन साधारण २२ कोटी ६० लाख डॉलर निघालं. त्यातला बहुतेक भाग तीन वर्षांनी एकदा मिळणाऱ्या शेअरचा, असा खुलासा आहे. तो खरा आहे. पण साठ दिवस मोजणाऱ्याला तीन वर्षांचा हिशेब समजावून सांगणं अवघड जातं.

हे सगळं मी एकदा कट्ट्यावरच्या एका काकांना वाचून दाखवलं. काकांची हयात पतसंस्थेत गेली. कर्जाच्या अर्जावरचे जामीनदार तपासणं हे त्यांचं काम. दोन जामीनदारांशिवाय त्यांनी सख्ख्या भावालाही कर्ज दिलं नाही, आणि भावाने ते अजून विसरू दिलेलं नाही. त्यांनी झुकेरबर्गचं पत्र डोळे मिटून ऐकलं.

‘‘संपूर्ण जबाबदारी घेतली म्हणतो. म्हणजे नक्की काय केलं?’’

‘‘तसं लिहून दिलं, काका.’’

‘‘स्टॅम्पपेपरवर?’’

‘‘नाही, ईमेलवर.’’

‘‘आमच्याकडे कर्जदाराने हप्ता थकवला की जबाबदारी घेतलेल्याच्या पगारातून कापायचो. एका हेडमास्तरांनी मेहुण्याच्या ट्रॅक्टरचे हप्ते रिटायर होईपर्यंत भरले. जबाबदारी घेतली असं त्यांनी कधी चार लोकांत सांगितलं नाही. दिसले की नुसत्या मेहुण्याला शिव्या द्यायचे. बरं, या माणसाला पगार किती?’’

‘‘मूळ पगार १ डॉलर.’’

‘‘दिवसाला?’’

‘‘वर्षाला.’’

काकांनी डोळे उघडले. ‘‘मग कापणार कशातून? बाकी काही आहे?’’

‘‘शेअर आहेत. भरपूर.’’

‘‘ते तारण ठेवलेत?’’

‘‘नाही. माणसं काढल्यावर उलट वाढले.’’

काकांनी माझा फोन बाजूला सारला. ‘‘अर्ज नामंजूर,’’ ते म्हणाले. ‘‘दुसरा जामीनदार आणा म्हणावं.’’